‘गॅझेटचा नंबर घेऊन या’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या पानावर दोन-तीन वाचकांनी लिहिले, की सरकार सामान्य माणसाला काही सांगतच नाही. मी बत्तीस वर्षे सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवले, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापकाच्या खुर्चीत गेली. परिपत्रके वाचून चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. सरकार सांगते, आणि फार सांगते. दर गुरुवारी राजपत्रात, म्हणजे गॅझेटात, छापून, क्रमांक घालून सांगते. सांगितलेले कुठे ठेवले आहे आणि ते कसे काढायचे, एवढेच कोणी शिकवत नाही. मीही कधी माझ्या मुलांना शिकवले नाही, कारण मलाच येत नव्हते. आले ते वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, तेही गरज पडली म्हणून.

गेल्या चवथीआधी माळ्यावरून समया आणि तांब्याची भांडी उतरवताना वडिलांचा जुना पेटारा उघडला. तळाला वर्तमानपत्राचे कागद अंथरलेले. त्यात एक नोटीस होती, तिळारीच्या कालव्यासाठी आमच्या गावची जमीन संपादन करण्याची. समासात वडिलांच्या अक्षरात शिसपेन्सिलीने लिहिले होते, ‘नं. ४२’. वडील मराठी तिसरी शिकलेले, पण कागद जपण्याची त्यांची सवय वकिलाला लाजवील अशी. वर्तमानपत्राचा माथा मात्र त्यांनी पेटाऱ्याच्या मापाने कापून टाकला होता. म्हणजे कोणत्या दिवशीचा अंक, ते गेले. नोटिशीच्या शेवटी अधिकाऱ्याच्या सहीखाली नव्वदीच्या दशकातल्या एका डिसेंबरची तारीख तेवढी शिल्लक होती.

हा कागद मला एरवी रद्दीच वाटला असता. पण आम्हा भावांची उरलेल्या जमिनीची वाटणी अडली होती. एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या सातबाराच्या, उताऱ्यावर क्षेत्र पूर्वीचेच दिसत होते, जणू कालवा आमच्या शेतातून गेलाच नाही. त्या कालव्याच्या कडेला आमच्या म्हशी चरतात, शेजाऱ्यांची पोरे त्यात पोहायला शिकली, पण कागदावर कालवा नाही. एका सरकारी कचेरीत तीन खेपा झाल्या. तिथल्या कारकुनाने माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हटले, “मास्तर, गॅझेटाचो नंबर घेवन येयात.” मी ताठ मानेने सांगितले, बेचाळीस. त्यावर त्याचा प्रश्न आला, “खंयच्या (कोणत्या) वर्साचो? खंयची सिरीज?” माझी मान खाली आली.

भाची ताळगाव पठारावर विद्यापीठात इतिहास शिकते. ती म्हणाली, “मामा, कचेऱ्यांत कशाला हेलपाटे घालता? आमच्या ग्रंथालयात चला.” डिचोलीहून सकाळची बस धरली, पणजीच्या कदंब स्टँडवर दुसरी घेतली आणि दहाच्या सुमारास वर पोचलो. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जन्मात पहिल्यांदा पाय ठेवला. हे मी मुद्दाम लिहितो आहे. पणजीपासून फार लांब नाही, गोवा विद्यापीठ १९८५ पासून चालू आहे, आणि मी शिक्षक. तरी तिथे ‘आपले’ काही असेल असे मला कधी वाटले नव्हते. तिथे संशोधक जातात, एवढीच समजूत.

तिथल्या एका बाईंनी मला बसायला सांगून विचारले, “सर, काय हवे?” मी म्हणालो, तिळारीवरचे काही असेल तर बघा. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी विचारले, “कोणी काढलेले?” मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी जे समजावले, ते मला प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहावेसे वाटते. सरकारी प्रकाशन शोधताना विषय मागाहून येतो, आधी विचारायचे ते कोणत्या सरकारने, कोणत्या खात्याने काढले. ग्रंथालयाच्या नोंदीत लेखकाच्या जागी माणसाचे नाव नसून सरकारचे असते. लेखक : गोवा सरकार, अमुक खाते. म्हणून माणसाच्या नावाने किंवा बोलीतल्या नावाने शोधले की हाती काही लागत नाही.

आमच्या खाणपट्ट्यात लहान पोरालाही ‘शहा आयोग’ माहीत आहे. त्याचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत ठेवला गेला आणि तीन दिवसांनी, १० सप्टेंबरला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या. डिचोलीच्या रस्त्यांवरचे ट्रक कसे एका आठवड्यात दिसेनासे झाले ते मी पाहिले आहे. पण तो अहवाल कपाटात ‘शहा’ या नावाखाली असेलच असे नाही. तो केंद्राच्या खाण मंत्रालयाने नेमलेल्या, लोह आणि मँगनीज खनिजाच्या बेकायदा उत्खननाच्या चौकशी आयोगाचा अहवाल. लांबलचक नाव लक्षात ठेवले तर सापडतो.

सरकारचे नावही एकच राहिलेले नाही, हा गोव्याचा खास घोळ. ३० मे १९८७ नंतरचे ते ‘गोवा सरकार’. त्याआधी मुक्तीपर्यंत मागे जा, तर ‘गोवा, दमण आणि दीव सरकार’. त्याच्याही मागे पोर्तुगिजांचे ‘इश्तादु दा इंडिया’. एकच खुर्ची, तिला तीन पाट्या. दमणच्या माणसाला आपल्या गावचा १९७० चा हुकूम हवा असेल तर तो गोव्याच्या खंडात बघावा लागतो, हे त्याला कोण सांगणार? आता तर दमण-दीव २०२० पासून दादरा नगर हवेलीशी जोडले गेले आहे, म्हणजे चौथी पाटी.

तर राजपत्र. गोव्याचे राजपत्र तीन मालिकांत निघते, लोक ‘सिरीज’च म्हणतात. पहिलीत कायदे, नियम, महत्त्वाच्या अधिसूचना. दुसरीत नेमणुका, बदल्या, आदेश आणि भूसंपादन. तिसरीत जाहिराती आणि नोटिसा : कोणी नाव-आडनाव बदलतो आहे, वारसाहक्काचा दस्त होतो आहे, कोमुनिदादीकडे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या जुन्या संस्थेकडे, कोणी जमिनीचा तुकडा मागतो आहे, हरकत असेल तर या. मला विचाराल तर गोव्याचा खरा संसार तिसऱ्या सिरीजमध्ये आहे. मी अर्धा तास तीच वाचत बसलो. भाचीने कोपर मारले तेव्हा भानावर आलो.

मी माझ्या डिसेंबरच्या वर्षाचे बांधीव खंड मागवले आणि क्रमांक ४२ काढला. सापडला की लगेच! पण त्यावरची तारीख त्याच वर्षातल्या जानेवारीची. नोटीस डिसेंबरची, ती अकरा महिने आधी छापली कशी? वर त्यात भूसंपादनाचा शब्द नाही, कुठल्याशा नियमांची दुरुस्ती होती. मला वाटले, वडिलांनी भलताच आकडा लिहिला. बाईंनी खंड हातात घेतला, बंद केला आणि म्हणाल्या, “सर, दोन चुका. हा पहिल्या सिरीजचा खंड आहे. आणि गोव्याच्या राजपत्राचा क्रमांक जानेवारीपासून नव्हे, एप्रिलपासून सुरू होतो.”

एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी क्रमांक १. मग आठवड्याला एक धरला तर ४२ वा अंक जानेवारीच्या मध्याला येतो, म्हणजे पुढल्या इसवी सनात. तिन्ही सिरीजना त्या आठवड्यात हाच क्रमांक, म्हणून बेचाळीस तीन असतात. शिवाय घाईचे काही असेल तर त्याच क्रमांकाच्या पोटात ‘असाधारण’ अंक निघतो, तो कोणत्याही वारी. अंकाच्या माथ्यावर इंग्रजी तारखेशेजारी कंसात शके आणि पौष, माघ असा महिनाही असतो. आमच्या पंचांगवाल्या माणसाला त्याने उगाचच आपुलकी वाटली.

दुसऱ्या सिरीजचा पुढल्या जानेवारीतला अंक उघडला. पान सरळ करायला दोन्ही तळहात लावावे लागले, इतका खंड घट्ट बांधलेला. भूसंपादन कायदा, १८९४, कलम ४. खाली तक्ता. सर्व्हे नंबर, पोटविभाग, हितसंबंधित समजल्या जाणाऱ्या व्यक्तींची नावे, अंदाजे क्षेत्र चौरस मीटरमध्ये. शेवटी चतुःसीमा : उत्तरेला अमुक सर्व्हे नंबर, दक्षिणेला नाला, पूर्वेला रस्ता. नावांच्या आधी एकेक इंग्रजी अक्षर होते. ‘ओ’, म्हणजे मालक, आणि त्यापुढे आमच्या भाटकाराचे, जमीनदाराचे, नाव. खाली ‘टी’. टी म्हणजे कूळ. त्यापुढे माझ्या वडिलांचे नाव.

नाव भिकू. छापले होते बी, आय, सी, यू. बिकू. पोर्तुगीज काळी जन्मनोंदणी करणाऱ्याने कानाला लागले तसे लिहिले, तेच मुक्तीनंतरच्या सर्व्हेत उतरले आणि तेच राजपत्रात आले. आमच्या पिढीतल्या हिंदूंच्या घराघरांत हे आहे. शंकराला एक्स लागतो, नाईकाच्या शेपटीला क्यू. मुलाच्या दाखल्यावर एक, बापाच्या उताऱ्यावर दुसरे, आणि मग दोन्ही एकच हे सिद्ध करायला शपथपत्र. वडील जाऊन एकोणीस वर्षे झाली. त्यांचे नाव छापलेले मी त्याआधी एकदाच पाहिले होते, बाराव्याच्या पत्रिकेवर. त्या ‘टी’वर मी बोट ठेवून किती वेळ बसलो ते भाचीला विचारा.

बाई थांबल्या नव्हत्या. कलम ४ ही फक्त इच्छा, म्हणाल्या, निर्णय कलम ६ मध्ये. जुन्या कायद्याप्रमाणे ४ नंतर एका वर्षाच्या आत ६ ची घोषणा व्हावी लागे, आणि तिच्यापासून दोन वर्षांत निवाडा. म्हणजे शोध आंधळा राहत नाही. बेचाळीसपासून पुढचे फार तर पन्नास-बावन्न अंक चाळायचे. आम्ही वाटून घेतले, मी निम्मे, भाचीने निम्मे. तिला एकतिसाव्यात सापडले. बाईंनी तिथेही सोडले नाही. “अजून थोडे पुढे बघा, शुद्धिपत्र असेल तर.” आणि होते! आमच्या शेजाऱ्याचा पोटविभाग चुकला होता, तो तीन आठवड्यांनी दुरुस्त केलेला. शेजाऱ्याला अजून ते ठाऊक नव्हते. संध्याकाळी मी त्याच्या दारात उभा राहिलो तेव्हा त्याने आधी विचारले, कोण गेले?

आता कोणी म्हणेल, मास्तर, हे सगळे मोबाइलवर मिळते. मिळते, खरे आहे. गोव्याचे राजपत्र संकेतस्थळावर आहे. भारताचे राजपत्र तर २०१५ च्या ऑक्टोबरपासून छापणेच बंद झाले, ते आता ई-गॅझेट. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ८ ने त्याला छापील इतकेच वजन दिले आहे. मी त्याच्या विरोधात नाही, मीही आता दर गुरुवारी बघतो. पण जुने अंक म्हणजे पानांची छायाचित्रे. चित्रात ‘भिकू’ शोधून सापडत नाही, आणि ‘बी-आय-सी-यू’ लिहून शोधायचे कोणाच्या डोक्यात येणार? नंबर आणि तारीख माहीत असलेल्याला संकेतस्थळ म्हणजे कामधेनू. माहीत नसलेल्याला ते समुद्र. त्या बाई जे करत होत्या ते कुठल्या यंत्रात बसवलेले मला अजून दिसले नाही.

केंद्राच्या राजपत्राची रचना आणखी गुंतागुंतीची, पण एकदा कळली की पाढ्यासारखी. भाग दोन, खंड तीन. त्याच्या पहिल्या उपखंडातल्या अधिसूचनांना ‘जी.एस.आर.’ क्रमांक, दुसऱ्या उपखंडातल्यांना ‘एस.ओ.’, आणि कंसात ‘ई’ असेल तर असाधारण अंक. किनारपट्टीतल्या माझ्या व्याह्यांना तीस वर्षे सीआरझेडने, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांनी, झोप दिली नाही. त्यांना वाटायचे सीआरझेड हा एक कायदा, तो सरकार मनाला येईल तसे वाकवते. मी त्यांच्यासाठी तिन्ही अधिसूचनांचे क्रमांक उतरून आणले. १९ फेब्रुवारी १९९१ ची एस.ओ. ११४(ई), ६ जानेवारी २०११ ची एस.ओ. १९(ई) आणि १८ जानेवारी २०१९ ची जी.एस.आर. ३७(ई). तिन्ही शेजारी ठेवून वाचल्यावर त्यांचे भांडण मिटले नाही, पण निदान कशाशी भांडतो ते कळले.

राजपत्रात छापणे ही नुसती औपचारिकता असे ज्यांना वाटते त्यांनी म्हादई नदीच्या पाणीवाटपाकडे बघावे. लवादाने निवाडा दिला १४ ऑगस्ट २०१८ ला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), महाराष्ट्राला १.३३, गोव्याला २४. पण आंतरराज्य नदी पाणी तंटा कायद्याप्रमाणे केंद्राने तो राजपत्रात प्रसिद्ध केल्यावरच तो बंधनकारक होतो. ते झाले २७ फेब्रुवारी २०२० ला. मधले दीड वर्ष सत्तरी तालुक्यातला माणूस विचारत होता, निवाडा लागला की नाही? लागला होता आणि लागलाही नव्हता. उलट बाजूचा एक जुना खटला वकिलीत असलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने सांगितला. जयपूर संस्थानात अफूचा कायदा केला होता, पण तो कुठे प्रसिद्धच केला नव्हता. हरला नावाच्या माणसाला त्या कायद्याखाली पन्नास रुपये दंड झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५१ मध्ये न्यायालयाने म्हटले, जो कायदा लोकांना कळवलाच नाही त्याने लोकांना बांधता येत नाही. पन्नास रुपयांसाठी दिल्लीपर्यंत जाणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

त्या दिवशी काम झाल्यावर बस सुटायला वेळ होता. मी बाईंना विचारले, जनगणनेची पुस्तके आहेत का? २००१ साली मी प्रगणक होतो. ९ फेब्रुवारी ते २८ फेब्रुवारी, शाळा सांभाळून, संध्याकाळी दारोदार. २८ च्या रात्री बेघरांची मोजणी, तेव्हा बाजारातल्या ओट्यावर झोपलेल्या माणसांना उठवून नाव-गाव विचारले होते. एक आजी तिची म्हैसही लिहा म्हणून हटून बसली होती. तिला समजावताना माझा चहा थंड झाला. ते भरलेले कागद आम्ही दिले आणि विसरलो. पुढे त्यांचे काय झाले हे मला कोणी सांगितले नव्हते, मीही विचारले नव्हते.

त्यांचे झाले होते पुस्तक. जिल्हा जनगणना पुस्तिका, उत्तर गोवा. एका भागात गावांची सूची : गावात शाळा किती, पाणी कुठून येते, बस येते की नाही, जमीन कशाखाली. दुसऱ्यात गाववार आकडे : घरे, पुरुष, स्त्रिया, साक्षर, शेतकरी, शेतमजूर. माझ्या गावाची एक ओळ. एकच. त्या ओळीत माझे वीस दिवस होते, आणि ती आजी होती. म्हैस नव्हती. पूर्ण गोव्याचा आकडा १३,४७,६६८, त्यातले काहीशे माझ्या हातून गेलेले.

मग २०११ ची पुस्तिका काढली. तिथे शेजारचे एक गाव गावांच्या यादीतून गायब. भाची घाबरली, पान फाटले की काय म्हणून. फाटले नव्हते. जनगणनेत पाच हजार वस्ती, चौरस किलोमीटरला चारशेची दाटी आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी तीन चतुर्थांश शेतीबाहेरचे, एवढे झाले की पंचायत असली तरी त्या गावाला ‘जनगणना शहर’ म्हणतात आणि ते शहरांच्या यादीत जाते. २००१ मध्ये निम्मा गोवा शहरी होता, ४९.७६ टक्के. २०११ मध्ये ६२.१७ टक्के. आपण गावात राहतो असे समजणारे किती गोयंकार कागदावर शहरात राहतात! त्यानंतरची मोजणी अजून व्हायची आहे. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचनाही राजपत्रातच आली, १६ जून २०२५ ला. २०११ नंतर जे काही बदलले ते कुठल्याच ओळीत नाही, आणि आमचे पुढारी भाषणात जे आकडे फेकतात ते या जुन्या ओळींवरूनच.

पोर्तुगीज बोलेतींबद्दल, म्हणजे त्या काळच्या राजपत्रांबद्दल, मात्र मला रडूच येते. आशियातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला असे आपण छाती फुगवून सांगतो. पुढे अठराव्या शतकात छपाईच बंद पडली, हे सांगत नाही. ती पुन्हा सुरू झाली १८२१ मध्ये, सरकारच्या ‘गाझेता द गोवा’ने. १८३७ पासून सरकारचे बोलेतीं निघू लागले. हिंदूंच्या रीतिरिवाजांचा १६ डिसेंबर १८८० चा हुकूमनामा, कोमुनिदाद संहितेचा १९६१ चा दिप्लोम (कायदा), ज्यांवर आजही न्यायालयात वाद चालतात, ते सगळे त्या भाषेत. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घालून ते कागद वाचले, आणि त्यांचा ग्रंथसंग्रह आज याच पठारावरच्या ग्रंथालयात आहे. मी एक पुस्तक उघडले, दोन ओळी वाचायचा प्रयत्न केला, परत ठेवले. माझे वडील दमदाटीपुरते पोर्तुगीज समजत. माझ्या पिढीला तेवढेही नाही. घराघरांत जी दोन-चार वृद्ध माणसे हे वाचू शकतात ती गेली की ते बोलेतीं आमच्यासाठी भिंत.

माझे मागणे फार मोठे नाही. राजभाषा कायद्याने १९८७ पासून कोकणीबरोबर मराठीचाही शासकीय वापर मान्य केला आहे. राजपत्र मुख्यतः इंग्रजीत निघते, तेही आता बदला म्हणून मी हट्ट धरत नाही. पण त्याची देवनागरीत सूची तरी असावी. गाव, तालुका, विषय, सिरीज, क्रमांक, तारीख. विद्यापीठाच्या मराठी विभागातल्या मुलांना वर्षाला एकेक तालुका वाटून द्या, प्रकल्पाच्या नावाखाली काहीबाही चिकटवण्यापेक्षा हे बरे. पहिला तालुका डिचोली घ्या. मी फुकट बसतो, चष्मा माझा. आणि तालुक्याच्या वाचनालयात महिन्यातून एक शनिवार कोणीतरी हे शिकवावे.

दुसरे मागणे, ज्याच्या-त्याच्या कपाटातले बांधीव खंड ‘आता ऑनलाइन आहे’ म्हणून रद्दीत काढू नका. एका कचेरीच्या मागच्या पडवीत मी राजपत्रांची चळत पाहिली आहे. पावसाळ्यात तिच्यावर बादली ठेवली होती, गळतीची. वर झटकले तर वाळवीने आतून बोगदा केलेला, वरचा आणि खालचा अंक तेवढा शाबूत. त्या बोगद्यात कोणाचा बाप गेला असेल देव जाणे.

झेरॉक्स घेऊन मी चौथ्यांदा त्या कारकुनासमोर उभा राहिलो. सिरीज दोन, क्रमांक, तारीख, पान, सगळे वर लाल शाईने लिहून. त्याने वाचले, नोंद केली, फाइल बांधली. मग इकडे-तिकडे पाहून हळू आवाजात विचारले, “मास्तर, तो तुमकां खंय मेळ्ळो?” त्याच्या बायकोने लग्नानंतर नाव बदलले होते, त्याची राजपत्रातली नोटीस हरवली, आणि पासपोर्टासाठी तीच मागत आहेत. मी म्हणालो, सिरीज तीन. किती साली बदलले? त्याने डोके खाजवले. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी असेल, म्हणाला.

मी त्याला सांगितले, तारीख घेऊन ये.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक,
डिचोली तालुका